तांबट आळी ते जनता वसाहत : गरम पाण्याच्या शोधात पुणे

पुण्याला येणारा पाहुणा शनिवारवाडा पाहतो, सारसबागेत घटकाभर बसतो आणि आपल्यातला असेल तर गंज पेठेतील महात्मा फुले वाड्यावर जाऊन अभिवादन करतो. ३१ डिसेंबरच्या रात्री तर इथल्या वस्त्यावस्त्यांत पाहुण्यांची दाटी असते. दुसऱ्या दिवशी, १ जानेवारीला, भीमा कोरेगावला जायचे असते. दहा बाय बाराच्या खोलीत चौदा-पंधरा माणसे झोपलेली, बाहेर अंगाला झोंबणारी थंडी, आणि पहाटे उठलेल्या घरच्या बाईपुढे पहिला प्रश्न उभा असतो : एवढ्यांच्या अंघोळीचे पाणी तापवायचे कशावर? गॅसवर तापवावे तर सिलिंडर महिनाअखेर गाठणार नाही. विजेचा रॉड लावावा तर बिल फुगणार. चूल पेटवावी तर धूर साऱ्या चाळीत पसरणार.

पाहुणे दोन दिवसांचे असतात, प्रश्न मात्र रोजचा आहे. डिसेंबर-जानेवारीत पुण्याचा पारा रात्री दहा अंशांच्या आसपास येतो, कधी त्याच्याही खाली उतरतो. नाशिक, नागपूर, छत्रपती संभाजीनगरकडेही तीच कथा. लहान लेकरे, म्हातारी माणसे, बाळंतीण यांना गरम पाणी ही चैन नव्हे, गरज आहे. म्हणून या हिवाळ्यात पुण्याला जाणे झाले तेव्हा एक दिवस मुद्दाम याच कामासाठी काढला. पुण्यात पूर्वी पाणी कसे तापवीत, आज कसे तापवितात आणि आपल्या कष्टकरी घरांना त्यातून काय घेता येईल, एवढेच पाहायचे होते.

तांब्याच्या आवाजाची गल्ली

पुणे स्टेशनवरून मेट्रोत बसले, जिल्हा न्यायालय स्थानकात गाडी बदलली आणि कसबा पेठेत उतरले. जमिनीखालून जाणारा हा टप्पा सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाला. फिरत्या जिन्याने वर आले की एकदम जुने पुणे लागते. कसबा ही शहरातील सर्वांत जुनी पेठ. अरुंद रस्ते, दोन मजली लाकडी घरे, मध्येच एखादी नवी इमारत. तांबट आळी कुठे म्हणून विचारले, तर एका आजोबांनी पत्ता सांगण्याऐवजी कानाला हात लावून म्हटले, "आवाजाच्या मागं जा."

खरोखरच आवाजाच्या मागे गेले. ठण् ठण् ठण्. तांब्याच्या पत्र्यावर हातोडी पडते तो आवाज लोखंडासारखा कर्कश नसतो. पेशवाईच्या काळात ही तांबट मंडळी कोकणातून पुण्यात येऊन स्थायिक झाली, असे सांगतात. हंडे, घागरी, पातेली, घंगाळी आणि बंब या गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या घडत आले. पत्र्यावर ओळीने हातोडीचे ठोके देऊन भांडे घट्ट आणि चमकदार करण्याला ते मठारकाम म्हणतात. आजही ते हातानेच होते.

एका कारखान्याच्या दारात मी थांबले. कारखाना म्हणजे काय, एक लांबट खोली. भट्टी, ऐरण, हातोड्या आणि भिंतीला टेकवून ठेवलेले तांब्याचे पत्रे. कोपऱ्यात एक नवा बंब उभा होता. काम करणाऱ्या काकांना म्हटले, "काका, बंब पाहायला आले आहे. विकत घ्यायला नाही, समजून घ्यायला." ते हसले. म्हणाले, "घेणारे कमी झाले ताई. समजून घेणारे तर त्याहून कमी." बंबांची मागणी घटली, आता दिवे, पाण्याची भांडी, हॉटेलातील ताट-वाट्या असे काम जास्त असते, असे त्यांनी सांगितले.

ज्यांच्या घरी बंब कधी नव्हता अशा वाचकांसाठी त्याची रचना सांगते. बाहेरून तो तांब्याच्या मोठ्या पिंपासारखा दिसतो. मधोमध खालपासून वरपर्यंत एक नळा आरपार गेलेला असतो. नळ्याच्या तळाशी जाळी आणि जाळीखाली राख पडायला जागा. वरून नळ्यात जळण टाकायचे आणि पेटवायचे. धूर त्याच नळ्यातून वर धुराड्याने जातो. या नळ्याच्या चोहोबाजूंनी पाणी असते. खाली तोटी असते, तिच्यातून गरम पाणी काढायचे आणि वरून तेवढेच गार पाणी ओतायचे. रशियात चहाचे पाणी तापविण्यासाठी जो समोवार वापरीत, तोही याच तत्त्वावर चालतो.

काकांनी नळ्यात हात घालून दाखविले आणि म्हणाले, "चुलीवर हंडा ठेवता तेव्हा पाणी आगीच्या डोक्यावर बसतं. आग चारी बाजूंनी निसटते. बंबात आग पाण्याच्या पोटात बसते. तिला निसटायला जागाच नाही." पाणी तापविण्याचे सगळे शास्त्र त्यांच्या या बोलण्यात आले. आग किती मोठी यावर काही ठरत नाही. आगीतली किती उष्णता पाण्यात शिरली आणि किती हवेत गेली, यावरच आपला खर्च ठरतो.

म्हणूनच बंबाला मोठाल्या ओंडक्यांची गरज पडत नसे. लाकडाच्या ढलप्या, नारळाच्या करवंट्या, गोवरीचा तुकडा, विदर्भाकडे पऱ्हाटी-तुराटी, हाताशी येईल त्यावर तो तापतो. पण दोन गोष्टी काकांनी बजावून सांगितल्या. एक, पाणी भरल्याशिवाय बंब कधी पेटवायचा नाही. कोरडा पेटला तर सांधे सुटतात आणि बंब कामातून जातो. दुसरी, बंद न्हाणीत तो पेटवायचा नाही. धूर बाहेर जायला वाट हवी. कोळशाचा विस्तव तर बंद खोलीत जीवघेणा ठरतो.

चौघांच्या अंघोळीचा हिशेब

तांबट आळीतून बाहेर पडून एका अमृततुल्यात चहा घेतला आणि वहीवर आकडे मांडले. हे आकडे कोणालाही घरी मांडता येतील, कारण त्यांना सातवी-आठवीच्या विज्ञानापलीकडे काही लागत नाही.

१ लिटर पाणी १ अंशाने तापवायला १ किलोकॅलरी उष्णता लागते. अंघोळीची बादली २० लिटरची धरू. थंडीत नळाचे पाणी २० अंशांचे आणि अंगावर घ्यायचे पाणी ४२ अंशांचे. म्हणजे २२ अंशांची वाढ. २० गुणिले २२, झाल्या ४४० किलोकॅलरी. एका माणसाच्या अंघोळीची ही खरी गरज. साधन कोणतेही असो, यात फरक पडत नाही. फरक पडतो तो वाया किती जाते यात.

विजेच्या १ युनिटातून ८६० किलोकॅलरी मिळतात. म्हणजे एका बादलीला साधारण अर्धे युनिट. चार माणसांची रोज २ युनिटे, महिन्याची ६०. आपल्याकडे महिन्याला १०० युनिटांपर्यंत विजेचा दर कमी असतो आणि त्यापुढे तो चढतो. दिवे, पंखा, टीव्ही, मिक्सर मिळून ज्या घराचे बिल ८० युनिटांचे येते, ते घर थंडीत अंघोळीच्या पाण्यापायी १४० वर जाते. वरची ४० युनिटे महाग दराने पडतात. हिवाळ्यात पंखा बंद असूनही बिल का वाढले, याचे उत्तर पुष्कळदा बादलीत सापडते.

आता गॅस. १ किलो स्वयंपाकाच्या गॅसमध्ये सुमारे ११ हजार किलोकॅलरी असतात. शेगडीवर त्यातल्या साधारण साठ टक्के भांड्यात जातात असे धरले, तर एका बादलीला ७० ग्रॅमच्या आसपास गॅस जळतो. चौघांसाठी दिवसाला पाव किलोपेक्षा थोडा जास्त आणि महिन्याला ८ किलो. घरगुती सिलिंडरमध्ये गॅस असतो १४.२ किलो. म्हणजे अर्ध्याहून अधिक सिलिंडर अंघोळीच्या मोरीतून वाहून गेला!

आणि चूल? तीन दगडांच्या उघड्या चुलीवर लाकडातल्या उष्णतेचा दहावा-आठवा हिस्सा फक्त भांड्यात जातो. बाकी हवेत, दगडात आणि धुरात. एका बादलीला किलोभर सुके लाकूड लागते, चौघांना चार किलो. लाकूड ओले असेल तर त्यातले पाणी आधी उकळून उडवावे लागते, मग जळण आणखी वाढते आणि धूरही. ज्या बाईला हे जळण डोक्यावरून आणावे लागते, तिला हा आकडा कोणी समजावून सांगायची गरज नाही.

आणखी एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. १ लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५४० किलोकॅलरी उष्णता जाते. एका पूर्ण बादलीला आपल्याला ४४० लागतात. म्हणजे उघड्या पातेल्यात पाणी खळखळा उकळू दिले आणि त्यातले लिटरभर वाफ होऊन गेले, तर एका माणसाच्या अंघोळीपेक्षा जास्त जळण नुसते छताला लागले. झाकणाची किंमत यावरून कळावी.

पर्वतीवरून दिसणारे पुणे

कसबा पेठेतून पुन्हा मेट्रोने मंडईमार्गे स्वारगेटला आले आणि तिथून पर्वती गाठली. १०३ पायऱ्या चढताना दम लागतो, पण वर गेल्यावर सगळे शहर पायाशी पसरलेले दिसते. मी पाहायला आले होते त्या गच्च्या. इमारतींच्या माथ्यावर तिरपी ठेवलेली काळी तावदाने आणि त्यांच्या डोक्यावर आडवी पांढरी टाकी. काही ठिकाणी तावदानाऐवजी काचेच्या काळ्या नळ्यांची रांग. बहुतेक सगळ्यांची तोंडे एकाच दिशेला, दक्षिणेला. आपल्याकडे हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, म्हणून.

हे सौर बंब. वीज तयार करणारी सौर तावदाने वेगळी आणि ही वेगळी. ही फक्त पाणी तापवितात. जुन्या पद्धतीच्या तावदानात काय असते माहीत आहे? तांबे! काचेखाली काळा लेप दिलेला पत्रा आणि त्याला जोडलेल्या तांब्याच्या बारीक नळ्या. ऊन काचेतून आत येते, काळा पत्रा ते शोषून घेतो आणि नळीतले पाणी तापते. तापलेले पाणी हलके होऊन आपोआप वरच्या टाकीत चढते, टाकीतले गार पाणी खाली उतरते. पंप नाही, वीज नाही. टाकीभोवती जाड अस्तर असते, त्यामुळे दुपारी तापलेले पाणी दुसऱ्या दिवशी सकाळीही गरम मिळते. तांबट आळीत जे तांबे आगीभोवती पाणी धरून होते, तेच इथे उन्हाखाली पाणी धरून आहे.

दिवसाला १०० लिटर पाण्याचा सौर बंब चार-पाच माणसांना पुरतो. १०० लिटर पाणी २० अंशांवरून ५५ अंशांपर्यंत नेले तर ३५०० किलोकॅलरी होतात, म्हणजे विजेची सुमारे ४ युनिटे. तेवढी रोज उन्हातून मिळतात. एवढ्या गरम पाण्यात गार पाणी मिसळायचे असते, म्हणून १०० लिटरच्या बादल्या बऱ्याच निघतात.

सरकारनेही याला हात दिला आहे. शेजारच्या कर्नाटकात २००७ पासून नव्या घरांना सौर बंब सक्तीचा करण्याचे धोरण आले, आणि बंगळुरूच्या गच्च्या अशाच टाक्यांनी भरून गेल्या. पुणे महापालिकेने अशी सोय करणाऱ्या मिळकतींना करात सवलत देऊ केली. महाराष्ट्रात डिसेंबर २०२० मध्ये मुंबई वगळता बहुतेक शहरांसाठी जी एकत्रित बांधकाम नियमावली आली, तिच्यात ठरावीक इमारतींवर सौर बंब किंवा सौर वीज बसविण्याची तरतूद आहे.

सौर बंबाच्या अडचणीही सांगायला हव्यात. पावसाळ्यात सलग ढग असले की पाणी कोमटच राहते, दुसरी सोय ठेवावी लागते. पाणी जड असेल तर नळ्यांत क्षार बसतात, वर्षातून एकदा साफसफाई करावी लागते. गच्चीपासून खालच्या मजल्यापर्यंत नळ लांब असेल आणि त्याला अस्तर नसेल, तर गरम पाणी येईपर्यंत बादलीभर गार पाणी वाहून जाते. सगळ्यात मोठी अडचण म्हणजे पहिला खर्च. तो एकदम करावा लागतो आणि फायदा हप्त्याहप्त्याने मिळतो. ज्याच्याकडे आज पैसे आहेत त्यालाच उद्याची बचत परवडते.

उतारावरची वसाहत

ही गोष्ट पर्वतीवरूनच स्पष्ट दिसते. एका अंगाला सोसायट्यांच्या गच्च्या आणि दुसऱ्या अंगाला, त्याच टेकडीच्या उतारावर, जनता वसाहत. पुण्यातील मोठ्या झोपडपट्ट्यांपैकी ही एक. पत्र्याला पत्रा लागलेला, मधून एका माणसापुरत्या गल्ल्या, आणि पाणी, भाजी, सिलिंडर सगळे चढावरून खांद्यावर न्यायचे. ऊन दोन्हीकडे सारखेच पडते. पण एकीकडे ते टाकीत साठते आणि दुसरीकडे पत्रा तापवून निघून जाते.

खाली उतरून वसाहतीत गेले. ओळखीतून एका मावशींच्या घरी बसले. धुणीभांडी करून त्यांनी तीन मुले शिकविली. दारात रॉड लावलेली बादली होती. मी विचारले, "मावशी, रॉड किती वेळ ठेवता?" त्या म्हणाल्या, "लावायचा आणि भाकरी थापायला बसायचं. आठवण झाली की काढायचा."

हे एकट्या मावशींचे नाही, घरोघरी असेच चालते. १५०० वॅटचा रॉड २० लिटर पाणी वीसेक मिनिटांत अंघोळीजोगे करतो. तो पाण्यात बुडालेला असतो, त्यामुळे त्याची जवळजवळ सगळी उष्णता पाण्यातच जाते. काकांच्या भाषेत, हीही आग पाण्याच्या पोटातच आहे. साधन म्हणून रॉड उधळ्या नाही. पण वीस मिनिटांच्या जागी चाळीस मिनिटे राहिला तर वीज दुप्पट जाते आणि कढत पाण्यात पुन्हा गार ओतत बसावे लागते. त्यावर उपाय फुकटचा आहे. घड्याळ पाहून लावा, किंवा घरातल्या शाळकरी पोराला वेळेचा राखणदार नेमा.

पैशापेक्षा मोठा धोका जिवाचा आहे. रॉड चालू असताना पाण्यात बोट घालून गरम झाले का ते पाहणे, ही सवय प्राणावर बेतते. आधी बटण बंद, मग प्लग बाहेर आणि मगच पाण्याला हात. आयएसआय छापाचा रॉड, तीन पायांचा प्लग आणि घराला नीट अर्थिंग, यात काटकसर करू नये. बादली लहान मुलांच्या वाटेत ठेवू नये.

दुसरा धोका गॅसच्या गिझरचा. आता चाळींतून आणि छोट्या सदनिकांतून तो दिसू लागला आहे. पाणी झटपट मिळते आणि लागेल तेवढेच तापते, हा त्याचा गुण खरा. पण कोंदट न्हाणीघरात गॅस जळतो तेव्हा हवेतला प्राणवायू कमी होतो आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आधी डोके जड होते, चक्कर येते आणि कडी लावून आत गेलेला माणूस बाहेर येत नाही. दर हिवाळ्यात आपल्या शहरांतून अशा मृत्यूंच्या बातम्या वाचायला मिळतात. म्हणून हा गिझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवावा. जळलेला वायू बाहेर नेणारे धुराडे हवेच. थंडी वाजते म्हणून झरोका कापडाने बंद करू नये. आत डोके दुखू लागले तर ताबडतोब बाहेर यावे आणि गॅस बंद करावा.

विजेचा साठवणीचा गिझर असलेल्या घरांसाठीही एक सूचना. तो दिवसभर चालू ठेवला तर पाणी नुसते गरम राहण्यासाठी वीज खात राहतो. अंघोळीपूर्वी थोडा वेळ लावा आणि घरच्यांनी एकामागून एक अंघोळी उरका. नवा घेताना त्यावरच्या पट्टीवरील तारे पाहा. जास्त तारे म्हणजे टाकीतून उष्णता कमी निसटते.

पत्र्याखालच्या घराला काय करता येईल

मावशींच्या घरावर सौर बंब बसविता येत नाही. पत्रा टाकीचे वजन पेलणार नाही. म्हणून ऊन त्यांच्या उपयोगाचे नाही असे मात्र नाही. हिवाळ्यात पुण्याचे आकाश निरभ्र असते आणि दुपारचे ऊन चांगले कडक. बाहेरून काळा रंग दिलेले ॲल्युमिनियमचे पातेले पाण्याने भरून, झाकण घालून, सकाळी नऊपासून उन्हात ठेवले तर दुपारनंतर पाणी हाताला छान कोमट लागते. समजा ते ३० अंशांचे झाले. मग ४२ पर्यंत न्यायला ४४० ऐवजी २४० किलोकॅलरीच पुरतात. निम्म्याच्या आसपास काम उन्हाने केले! कारखान्यातून, बांधकामावरून संध्याकाळी येणाऱ्या माणसाची अंघोळ अशा पाण्यावर सहज होते. सकाळसाठी ठेवायचे असेल तर ऊन उतरण्याआधीच पातेले घरात घेऊन, जुन्या गोधडीत गुंडाळून ठेवावे. पहाटे ते नळाच्या पाण्याइतके गार नसते.

गॅसवर तापविणाऱ्यांनी रुंद बुडाचे भांडे घ्यावे, झाकण ठेवावे आणि ज्योत भांड्याच्या बुडाबाहेर येऊ देऊ नये. बाहेर आलेली ज्योत हवा तापविते. सगळ्यांचे पाणी एकाच वेळी तापवून सगळ्यांनी लागोपाठ अंघोळ केली तर भांडे पुन्हा पुन्हा पहिल्यापासून तापवावे लागत नाही. वीस लिटरच्या जागी पंधरा लिटरमध्ये भागविले तर चौथा हिस्सा वाचतो. लहान मुलांना तर त्याहूनही कमी पुरते.

चूल असलेल्यांनी जळण उन्हात वाळवून घ्यावे, बारीक करून घालावे आणि आगीला तिन्ही बाजूंनी आडोसा करावा. गावाकडे कोणाच्या माळ्यावर जुना तांब्याचा बंब पडला असेल, तर मोडीत घालण्याआधी एकदा तांबटाला दाखवा. अंगण असलेल्या घरात, उघड्या हवेत, तो आजही उत्तम काम देतो.

आणि आता थोडे गच्चीविषयी. आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबे आज झोपडी सोडून पुनर्वसनाच्या इमारतींत गेली आहेत. तिथे प्रत्येकाच्या डोक्यावर पत्रा नाही, पण सगळ्यांच्या डोक्यावर मिळून एक गच्ची आहे. ती सोसायटीची आहे, म्हणजे आपली आहे. सोसायटीच्या सभेत मंडप, वर्गणी, लिफ्ट यांवर तासन्‌तास बोलणे होते. एकदा गच्चीवर बोला. इमारतीच्या मंजूर नकाशात सौर बंब दाखविला आहे का, दाखविला असल्यास बिल्डरने बसविला का, बसविला असल्यास चालू का नाही, हे प्रश्न लेखी विचारा. महापालिकेच्या कर विभागात जाऊन सवलतीचा चालू नियम कोणता ते विचारा. एकट्याला न झेपणारा पहिला खर्च चाळीस घरांत वाटला तर झेपतो. वरच्या दोन-तीन मजल्यांना आधी जोडणी देऊन सुरुवात करणेही शक्य आहे, कारण तिथे नळाची लांबी कमी पडते. अशा सभेला पुरुष मंडळी जातात आणि पाणी घरी बाया तापवितात. म्हणून त्या दिवशी सभेला बायांनी जावे.

संध्याकाळी वसाहतीतून उतरताना मावशींनी वाटेपर्यंत सोबत केली. मी त्यांना विचारले, "घरात सगळ्यांत शेवटी अंघोळ कोण करतं?" त्या म्हणाल्या, "मीच की. उरलं तर गरम, नाही तर गार." बहुतेक घरांत हेच उत्तर येईल. जी पहाटे उठून पाणी तापविते तिच्याच वाट्याला गार पाणी येते. झाकण, घड्याळ, काळे पातेले आणि गच्ची यांच्या जोरावर जी उष्णता वाचेल, ती बिलातून वजा करण्याआधी एक बादली तिच्यासाठी बाजूला काढावी. मग उरलेली बचत खुशाल मुलांच्या वह्या-पुस्तकांकडे जाऊ द्या.